आठ जणांचा एक रिपोर्ट

आमच्या साहेबांना कुणी लग्नाची पत्रिका द्यायला आलं, की ती हातात घेण्याआधी ते विचारायचे, "कार्यालय किती लांब?" समोरचा बिचारा सांगायचा, निरवांगीच्या थोडं पुढं. साहेब डोळे मिटून जाण्यायेण्याचं पेट्रोल काढायचे, त्यात आहेराची टॉवेल-टोपी मिळवायचे, त्यातून जेवणाचं ताट वजा करायचे आणि डोळे उघडून म्हणायचे, "परवडत नाही. पण आशीर्वाद आहेत." आशीर्वाद ते सढळ हातानं द्यायचे, कारण त्याला पेट्रोल लागत नाही.

सुतकाला भेटायला जायचीही त्यांची पद्धत होती. अंथुर्ण्याला कुणी वारलं की ते लगेच निघत नसत. त्याच रस्त्यावर आणखी कुणी जातंय का, याची आठवडाभर वाट बघत. मग भवानीनगरला कुणी गेलं की एकाच फेरीत दोन्ही घरी टेकून यायचे आणि येऊन आम्हाला ऐकवायचे, "आज फेरी सार्थकी लागली." एकदा दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरकडं गेले आणि दोन दाढा काढून आले. दुसरी दुखत नव्हती, पण एकदम दोन काढल्या तर दुसरीला निम्मा दर होता.

बारामतीत भिगवण रस्त्याला माती-पाणी तपासणीची एक खासगी प्रयोगशाळा होती, तिचे हे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. इंदापूर तालुक्यातले बागायतदार पिशवीत माती घेऊन यायचे, द्राक्षवाले पानांचे देठ आणायचे, डाळिंबवाले विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणायचे. आलेल्या प्रत्येकाला साहेब एकच गोष्ट सांगायचे, आणि ती सांगताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा चढायचा. "अहो, पान पिवळं पडल्यावर माती तपासून काय उपयोग? झाड बोलायला लागायच्या आत तपासा! तपासणीचा खर्च हा खर्चच नव्हे!" शेतकरी माना डोलवायचे आणि पावती फाडायचे. मी स्वतः हे वाक्य हजारदा तरी ऐकलं असेल, आणि ते पटायचंही.

साहेब सिगारेट ओढायचे. ओढायचे म्हणजे काय, दिवसाची दोन पाकिटं. तीही हिशेबानं. सुटी सिगारेट महाग पडते म्हणून पाकीट घ्यायचं, एक सिगारेट दोन बैठकांत संपवायची, विझवलेलं अर्धुक खिशात ठेवायचं. त्यांच्या शर्टाच्या खिशाला कायम एक काळं भोक असायचं. सिगारेट वाईट असं कुणी म्हणालं की ते खुर्ची पुढं ओढायचे. "मला सांगा, साठीनंतरचा माणूस म्हणजे काय? नुसता खर्च. गोळ्या, चष्मा, गुडघे. ओढणारा माणूस वेळेवर जातो. मी देशाचा पैसा वाचवतोय, आणि वर तुम्ही मलाच बोल लावता?" हे बोलताना त्यांना खोकला यायचा. खोकून झाल्यावर ते विजयी चेहऱ्यानं बघायचे, जणू खोकल्यानं त्यांच्या बाजूनं साक्ष दिली होती.

प्रयोगशाळेच्या मागं लिंबाचं झाड आणि एक सिमेंटचा कट्टा होता. तिथं आम्ही आठ जण धूर काढायचो. साहेब, मी, दोन केमिस्ट, शिपाई, वॉचमन, कोपऱ्यावरचा चहावाला आणि आमचे ड्रायव्हर पोपटराव. पोपटराव अंथुर्ण्याचे. गावोगाव जीप फिरवून मातीचे नमुने गोळा करायचे, पिशव्यांवरची नावं वाचून ते क्रमानं मांडून ठेवायचे. शांत माणूस. बिडी ओढायचे, आणि त्या वर्षी दिवाळीपासून खोकत होते. आमच्यात खोकणं ही काही बातमी नव्हती.

त्याच सुमाराला निरवांगीच्या एका द्राक्षबागायतदाराची मुलगी वडिलांच्या बागेतले देठ घेऊन आमच्याकडं आली. ती छातीच्या रोगांची डॉक्टर, बारामतीतल्याच एका दवाखान्यात. कट्ट्यावरून येणारा वास तिनं बरोबर ओळखला आणि पर्समधून एक पत्रक काढून साहेबांपुढं ठेवलं. पन्नाशी उलटलेल्या, बरीच वर्षं सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांसाठी फुप्फुसांच्या स्कॅनचं शिबिर; स्कॅन कमी किरणांचं, सवलतीच्या दरात.

साहेबांनी पत्रक उलटसुलट करून बघितलं. "किती जणांना तपासल्यावर एक सापडतो?"

"बऱ्याच जणांना तपासावं लागतं, काका," ती म्हणाली. पोरगी प्रामाणिक होती, तिथंच फसली. "शिवाय आपल्याकडं जुन्या टीबीचे डाग असतात. ते स्कॅनमध्ये दिसतात, मग पुन्हा तपासण्या कराव्या लागतात, आणि शेवटी काहीच निघत नाही असंही होतं."

"म्हणजे एकासाठी बाकी सगळ्यांचे पैसे पाण्यात!"

"पाण्यात कसे? पण ज्याला सापडतो त्याला लवकर सापडतो. गाठ लहान असताना कळली तर काढून टाकता येते. उशिरा कळली तर आम्ही नुसते बघत बसतो." मग तिनं खिशाच्या भोकाकडं बघितलं. "आणि खर्चाचंच म्हणाल तर सिगारेट सोडायला एक रुपयाही लागत नाही. ते आधी करा."

"ते आपण वेगळं बघू," साहेब म्हणाले.

जाताना ती दारात थांबून म्हणाली, "एक मात्र लक्षात ठेवा. हे स्कॅन ज्यांना काही होत नाही त्यांच्यासाठी आहे. कुणाला दोन-तीन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर त्यानं या शिबिराची वाट बघायची नाही. त्यानं सरळ माझ्याकडं यायचं." हे तिनं साहेबांना सांगितलं, आणि शेजारी बसून मीही ऐकलं. पोपटराव तेव्हा भवानीनगरच्या फेरीवर होते. संध्याकाळी ते आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं का? नाही सांगितलं. का नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. घरी जायची घाई होती, एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा सगळ्यांना कट्ट्यावर बोलावलं. हातात पॅड. "आठ जणांची तपासणी म्हणजे आठपट खर्च," ते म्हणाले. "आता मला सांगा, एका एकराची माती आपण कशी तपासतो? सगळं रान उचलून आणतो का?"

"न्हाय," शिपाई म्हणाला.

"नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घेतो, एकत्र करतो आणि एकच नमुना तपासतो. त्या एका नमुन्यावर सगळ्या रानाला खत देतो. बरोबर? आपण आठही जण एकाच कट्ट्यावर, एकाच हवेत, एकाच झाडाखाली ओढतो. म्हणजे आपण एक रान झालो. एकाची तपासणी करायची, वर्गणी आठांची, रिपोर्ट आठांना लागू!"

हसू नका. साहेब सोडूनही शास्त्र शिकलेली तीन माणसं त्या कट्ट्यावर होती, मी धरून. आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही की माती एकत्र कालवता येते, माणसं कालवता येत नाहीत. उलट वर्गणी एवढीशीच येतेय म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले. चहावाल्यानं तर त्या दिवशीचा चहा फुकट पाजला.

मग नमुन्याची निवड सुरू झाली. मातीचा नमुना कुठून घ्यायचा नाही, याचे नियम आमच्या भिंतीवर लावलेलेच होते. बांधावरचा घ्यायचा नाही, म्हणून चहावाला गेला, कारण तो पगारावर नव्हता. झाडाखालचा घ्यायचा नाही, म्हणून दिवसभर लिंबाखाली बसणारा वॉचमन गेला. पोपटरावांनी हात वर केला.

"साहेब, माझंच करा की. मला खोकला बी हाय दिवाळीधरनं."

"म्हणूनच नाही," साहेब म्हणाले. "खताच्या ढिगाजवळचा नमुना कधी घेतात का? सगळ्या रानाचा आकडा बिघडतो."

सगळे हसले. पोपटरावही हसले, आणि हसता हसता खोकले. मीही हसलो. नाही म्हणायला डॉक्टरीणबाईंचं दारातलं बोलणं मला त्या क्षणी आठवलं होतं. पण विनोद इतका चपखल बसला होता की तो मोडायचं जिवावर आलं.

"आणि साहेब, तुमी?" वॉचमननं विचारलं.

"नमुना घेणारा नमुन्यात नसतो," साहेब म्हणाले आणि पॅडवर रेघ ओढली.

उरले चौघं. माती जास्त झाली की आम्ही तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देतो. साहेबांनी आम्हाला कट्ट्याच्या चार कोपऱ्यांवर उभं केलं आणि समोरासमोरचे दोन केमिस्ट टाकून दिले. राहिलो शिपाई आणि मी. शिपायाची पन्नाशी व्हायची होती, शिबिरात त्याला घेतलं नसतं. अशा रीतीनं दिवसाला तीन सिगारेटी ओढणारा मी, आठ माणसांच्या फुप्फुसांचा प्रतिनिधी म्हणून निवडून आलो. आयुष्यात मी दुसरी कुठलीच निवडणूक जिंकलेलो नाही.

स्कॅनला काही वेळ लागला नाही. हात वर करून झोपायचं, श्वास धरायचा, सोडायचा. रिपोर्ट चांगला आला. साहेबांनी तो आमच्या छापील नमुन्यात उतरवून काढला, तशाच सही-शिक्क्यासह. पीक: सिगारेट व बिडी. पोत: मध्यम. निचरा: उत्तम. शिफारस: आहे तेच चालू ठेवावे. त्याच्या आठ प्रती निघाल्या. एक नोटीस बोर्डावर लागली, बाकीच्या आम्ही घडी करून खिशात ठेवल्या, आणि सगळ्यांनी मिळून कट्ट्यावर एकेक शिलगावली. खरं सांगतो, त्या दिवशीची सिगारेट मला फार गोड लागली.

तो कागद दोन महिने आमच्याकडचा सगळ्यात मोठा विनोद होता. शेतकऱ्यांना दाखवायचो, ते पोट धरून हसायचे. पण पोपटरावांच्या लेखी तो विनोद नव्हता. त्यांनी आयुष्यभर आमच्या कागदावर शेतकऱ्यांना खताची गोणी विकत घेताना बघितलं होतं. त्याच शिक्क्याचा, त्याच सहीचा कागद होता तो. गावातल्या डॉक्टरनं त्यांना छातीचा फोटो काढून आणायला सांगितला, तेव्हा त्यांनी घडी उलगडून त्याच्यापुढं ठेवली. "आमचं झालंय, डॉक्टर. सामायिक झालंय." डॉक्टरला ते काहीतरी कंपनीचं मेडिकल वाटलं असावं. त्यानं खोकल्याचं औषध लिहून दिलं.

दरम्यान साहेब महिन्याभराच्या रजेवर गेले. पुण्याला मुलीकडं, असं कळलं. परत आले ते सिगारेट सोडूनच. आम्ही चाट पडलो. विचारलं तर म्हणाले, "दर वाढले. आता परवडत नाही." आमचा विश्वास बसला, कारण त्या माणसाच्या बाबतीत दुसरं कुठलं कारण सुचणंच शक्य नव्हतं. कट्ट्यावर यायचे बंद झाले. जिना चढताना डावी बाजू जरा धरून चढायचे. मुलीच्या जिन्यावरून घसरलो, म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात निरवांगीची फेरी करून येताना पोपटरावांच्या खोकल्यात रक्त पडलं. तेव्हा मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेलो. त्यांनी छातीचा फोटो काढून बघितला, मग पोपटरावांना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "खोकला कधीपासून आहे?" मी सांगितलं. "मी तुमच्याकडं आले होते त्याच्या आधीपासून?" मी होकाराची मान हलवली. त्यांनी पेन उचललं. पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहून दिली, एवढंच.

पुण्याच्या खेपा सुरू झाल्या. गाठ काढण्याच्या पलीकडं गेली होती, सलाइनमधून औषधं सोडायची आणि वाट बघायची. साहेबांनी कचेरीत वर्गणी काढली, आणि हे कबूल केलं पाहिजे की सगळ्यात मोठी रक्कम त्यांची होती. आम्ही पुन्हा चाट पडलो. माणूस वरून कसा वाटतो आणि आतून कसा असतो, वगैरे आम्ही बोललो.

पोपटराव शेवटी शेवटी घरीच होते. अंथुर्ण्याला मी आठवड्यातून एकदा जायचो. एका दुपारी त्यांची बायको रानात गेली होती, ते ओट्यावर उशीला टेकून बसले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "भाऊसाहेब, एक सांगू? कुनाला बोलू नगा."

मी म्हटलं, बोला.

"मागच्या साली, तुमचं ते स्कॅन व्हायच्या आधी चार दिस, साहेबांनी मला पुन्याला न्हेलं व्हतं. मशिनच्या दुरुस्तीला म्हनून. मला म्हनलं, त्या हास्पिटलच्या पार्किंगमदी गाडी लाव, तितं फुकट असतंय, मी समोरच्या दुकानातनं आलो. मी लावली. साहेब दुकानाकडं न्हाय गेलं, हास्पिटलात गेलं. मला वाटलं लघवीला गेलं असत्याल, ते बी तितं फुकट असतंय. तीन तास बसलो व्हतो मी गाडीत. खोकत."

मला पुढचं कळायला लागलं होतं.

"आता माझ्या खेपा त्याच हास्पिटलात. गेल्या म्हैन्यात मी बाकड्यावर बसलोय, तर समोरनं साहेब! बगलंत ही एवढी फाईल. मला बघितलं आन जागच्या जागी थांबलं. मंग म्हनलं, 'तुम्हालाच बघायला आलो, पोपटराव.' फाईलवर त्यांचं नाव व्हतं. मोठ्या अक्षरात. आता नावं वाचायचंच काम केलं की मी जलमभर." पोपटरावांनी दम घेतला. "तिथल्या शिस्टरला इचारलं मी मागनं. ती म्हनली, त्यांची गाठ लई बारकी व्हती, येळंवर घावली. काढून टाकली. आता नुसतं दाखवाया येत्यात."

"मग तुम्ही साहेबांना काय म्हणालात?"

"काय म्हनायचं? म्हनलं, लई बरं वाटलं साहेब, तुमी एवढ्या लांब आलात." आणि मग माझा हात धरून म्हणाले, "त्यांला सांगू नगा हां, मला कळलंय म्हनून. ते भ्यालं व्हतं हो. त्यांच्या त्वांडावरच दिसत व्हतं. मानसाला भ्या वाटतंच की."

त्या दिवशी बारामतीला येईपर्यंत मी साहेबांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की मोटारसायकल दोनदा खड्ड्यात गेली. दुसऱ्यांची तपासणी महाग असते आणि आपली स्वस्त, हे मला मान्य आहे. सगळ्यांचंच असं असतं. घाबरून, पूर्ण दर मोजून, चोरून तपासून घेतलं यातही पाप नव्हतं. पण आपण घाबरलोय हे लपवायला त्या माणसानं कट्ट्यावर एवढं नाटक मांडलं. खोकणाऱ्या माणसाला हसण्यावारी नेऊन बाजूला काढलं, आणि त्यानंतर पुण्याला गुपचूप जाताना त्यालाच गाडी हाकायला घेऊन गेला. त्याच्या केबिनचं दार ढकलून आत जायचं आणि सगळं तोंडावर फेकायचं, असं ठरवून मी प्रयोगशाळेत शिरलो. साहेब एका शेतकऱ्याला सांगत होते, "झाड बोलायला लागायच्या आत तपासा!" मी माझ्या टेबलाशी जाऊन बसलो. पोपटरावांना शब्द दिला होता, असं मी स्वतःला सांगितलं. हे सोयीचं होतं, कारण साहेबांना बोलायचं तर डॉक्टरीणबाईंचं दारातलं बोलणंही निघालं असतं, आणि ते ऐकणारे आम्ही दोघं होतो.

पोपटराव आषाढात गेले. दशक्रिया विधीला ओढ्याकाठी सगळं गाव जमलं होतं. आमच्याकडं दहाव्याला माइक असतो आणि श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच बोलले, कारखान्याचे कुणी संचालक बोलले, मग साहेब उठले. त्या दिवशी ते पेट्रोलचा हिशेब न करता आले होते, आणि बोलता बोलता त्यांनी दोनदा डोळे पुसले. ते नाटक नव्हतं, हे मला अकरा वर्षांच्या ओळखीवरून सांगता येतं. म्हणूनच जास्त राग आला.

"पोपटराव सोन्यासारखा माणूस," साहेब म्हणाले. "पण स्वतःच्या तब्येतीकडं त्यांनी दुर्लक्ष केलं. खोकला अंगावर काढला. मंडळी, माझी हात जोडून विनंती आहे, वेळेवर तपासणी करा. पोपटरावांनी वेळेवर तपासलं असतं, तर आज ते आपल्यात असते."

गावानं माना डोलवल्या. माइक माझ्यापुढं आला. मी उभा राहिलो, भावपूर्ण श्रद्धांजली म्हणालो आणि खाली बसलो.

विधी उरकल्यावर मी पोपटरावांच्या बायकोला भेटायला गेलो. ती बायांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिनं पदर सावरला.

"साहेब बराबर बोललं, भाऊसाहेब," ती म्हणाली. "ह्यांनीच आळस केला. मी रोज म्हनायची, जावा दाखवून या. न्हाय ऐकलं त्यांनी. त्यांचीच चूक व्हती न्हवं?"

ती माझ्याकडं बघत होती.

"व्हय, वहिनी," मी म्हणालो.